गाडी उलटली, जीव वाचला. भीती मात्र जाईना

प्रश्न : माझी मुलगी मिशनच्या शाळेत स्वयंसेवक शिक्षिका म्हणून केनियात आहे. तीन आठवड्यांपूर्वी पावसात शाळेची जीप घसरून उलटली. तिला नुसतं खरचटलं, पण आता ती गाडीत बसत नाही, रात्री दचकून उठते. परत बोलावू का?
– एक वडील, धाड (जि. बुलढाणा)

उत्तर : पावसात काळ्या रानातून गाडी कशी सरकते, हे धाडकरांना सांगायला नको. नैरोबीच्या आसपासही तशीच काळी, चिकट माती आहे.

आधी शरीराचं बघू. डोकं आपटलं असेल आणि डोकेदुखी, उलटी किंवा गुंगी असेल, तर तिने आजच दवाखाना गाठावा. अशी इजा उशिराही उघड होते.

दचकणं, टाळाटाळ पहिल्या महिन्यात स्वाभाविक आहे; बहुतेकांची आपोआप ओसरते. महिना उलटूनही टिकली तर मानसोपचारतज्ज्ञ हवाच. तोवर रोज फोनवर ‘नेमकं काय झालं?’ असं खोदून विचारू नका. (नातेवाइकांनाही आवरा!) आधी उभ्या गाडीत बसणं, मग शाळेच्या आवारात एक फेरी, मग पक्का रस्ता, अशी सवय तिच्या कलाने होऊ द्या.

कागद विसरू नका. पोलिसांकडची अपघाताची नोंद विम्याच्या दाव्याला लागते. तिथे तिला ‘पोलीस ॲब्स्ट्रॅक्ट’ म्हणतात. शाळा दाद देत नसेल तर नैरोबीतलं भारतीय उच्चायुक्तालय आणि परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे.

परतीचा निर्णय तिचा. तिकीट तुम्ही परस्पर काढू नका.