व्हिनाइल घालण्याआधी कोबा तपासा

रत्नागिरीतल्या आमच्या बालवाडीत जुनी शहाबादी काढून व्हिनाइल घातलं, ते मुलं पडली तरी फार लागू नये म्हणून. एप्रिलमध्ये दोन इंची नवा कोबा केला, मे महिन्यात ठेकेदाराने त्यावर व्हिनाइलचे रोल चिकटवले. श्रावणात फुगवटे आले. कोपरा उचलून पाहिला, तर खालचा गोंद दह्यासारखा पांढरा, लिबलिबीत झालेला आणि कुबट वास. "कोकणात हे असंच व्हायचं," असं ठेकेदार म्हणाला. ते मला मुळीच पटलं नाही.

शहाबादीच्या सांध्यांतून ओल बाहेर निघून जाते, म्हणून ती वर्षानुवर्षं कळतही नाही. व्हिनाइल तिची वाट बंद करतं. ओलीबरोबर सिमेंटचा क्षार वर येतो आणि गोंद सोडवतो. कोबा वाळायला साधारण इंचाला एक महिना धरतात, दमट हवेत त्याहून जास्त. तळमजल्यावर तर कोब्याखाली जाड प्लास्टिकचा थर हवाच, नाहीतर जमिनीची ओल कधी थांबतच नाही.

तपासणी घरच्या घरी होते. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर ठेवून चारही कडा टेपने बंद करा. किमान 16 तासांनी उचला. आतून थेंब दिसले किंवा तेवढाच कोबा काळपट झाला असेल, तर काम थांबवा. मात्र प्लास्टिक कोरडं निघालं म्हणून निर्धास्त होऊ नका. मोठं काम असेल तर कोब्यात भोक पाडून आतली आर्द्रता मोजून घ्या. बरेच उत्पादक 75 टक्क्यांच्या वर काम करू नका म्हणतात.

दुकानात सगळे व्हिनाइलची एकूण जाडी सांगतात. वरचा झिजणारा थर किती, ते विचारा. घराला 0.3 मिलिमीटर चालतो, शाळा-दवाखान्याला 0.5 च्या खाली घेऊ नका. जिथे रोज पाणी ओततात तिथे सांधे गरम करून जोडून घ्या आणि कडा भिंतीवर चार इंच चढवा. व्हिनाइलऐवजी लिनोलियमही घेता येतं; ते जवसाच्या तेलाचं, मला मनापासून आवडतं, पण धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने ते खराब होतं. आणि व्हिनाइलवर रबरी पायपुसणं टाकू नका, त्याचा पिवळा डाग निघत नाही.

कोटेशनमध्ये "ओल तपासून, लेखी नोंद देऊन मगच काम सुरू करणे" ही ओळ घालून घ्या. ती घालायला जो नकार देईल, त्याला काम देऊ नका.