दोन दिवसांची नवी मुंबई

प्रश्न : फेब्रुवारीत नागपूरहून आई-वडील बेलापूरला येत आहेत. दोनच दिवस आहेत, काय दाखवावे?

उत्तर : फेब्रुवारी म्हणजे रोहित पक्ष्यांचा हंगाम, तेव्हा पहिला मान ठाणे खाडीतील रोहित अभयारण्याचा. या अभयारण्याची घोषणा 2015मध्ये झाली आणि 2022मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनविभागाची बोट सुटते. मात्र तिची वेळ घड्याळापेक्षा भरती ठरवते. खाडी उथळ आहे. पुरेसे पाणी नसले तर बोट हलत नाही. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून आधी भरतीचे वेळापत्रक पाहावे, मग बोटीचे आरक्षण करावे आणि उरलेला दिवस त्याभोवती आखावा. बहुतेक पाहुणे नेमके उलटे करतात आणि हिरमुसून परततात.

भरतीत चिखलपट्टे बुडाले की रोहित नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर उतरतात. बोट चुकली तरी तिथे काठावरून ते दिसू शकतात. ज्येष्ठांना हेच सोयीचे.

दुसऱ्या दिवशी उरण. जानेवारी 2024पासून बेलापूरहून थेट लोकल आहे. स्थानकावरून रिक्षाने पिरवाडीचा किनारा गाठावा, ऊन चढायच्या आत. खारघरचा पांडवकडा यादीतून वगळावा. फेब्रुवारीत धबधबा कोरडा असतो आणि पावसाळ्यात तिथल्या दुर्घटनांमुळे प्रवेशबंदी असते.

टोपी, पाणी आणि दुर्बीण सोबत हवीच.