नाव झाकून वाच

अगं पोरी, ‘स्टार ट्रेक’च्या कथांच्या पुस्तकावर परीक्षण लिहायचं म्हणतेस आणि घरचे-दारचे म्हणतात, टीव्हीवरच्या उष्ट्या गोष्टींचं कसलं परीक्षण! तू खट्टू होऊ नकोस. भुसावळात बसून तुला असलं काही लिहावंसं वाटतं, याचाच मला आनंद आहे.

आधी हा उष्टेपणाचा विचार मनातून काढ. कीर्तनात रामाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, तरी बुवांनी आख्यान नीट मांडलं की माणसं जागची हलत नाहीत. पात्रं कुणाची हे महत्त्वाचं नाही, मांडणी कशी हे महत्त्वाचं. तुझ्या हातातल्या पुस्तकाचा लेखक जेम्स ब्लिश हा काही भाडोत्री कारकून नव्हता. ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’ या कादंबरीसाठी त्याला 1959 साली ह्यूगो पुरस्कार मिळाला होता. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका 1966 साली अमेरिकेत सुरू झाली आणि 1967 मध्ये त्याने तिच्या सात भागांच्या कथा करून पहिलं पुस्तक दिलं; तेच तुझ्या हातात आहे. अशी बारा पुस्तकं निघाली. 1975 मध्ये तो गेला आणि शेवटचं पुस्तक त्याची पत्नी जे. ए. लॉरेन्स हिने पुरं केलं. परीक्षणात त्याचं नाव ठळक लिही. अशा पुस्तकांवर मालिकेचं नाव मोठं असतं आणि लेखक कोपऱ्यात राहतो.

आता परीक्षणाचं मर्म सांगते. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत पहिलं बक्षीस ‘नारायण विनायक जगताप’ यांच्या ‘कृष्णविवर’ला मिळालं. हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतलं, कारण कथेचा निकाल कथेवरूनच लागावा अशी त्यांची इच्छा होती. तूही तसंच कर. अंतराळजहाजाचा कप्तान कर्क, त्याचा सहकारी स्पॉक ही नावं झाकून कथा वाच. मग काय उरतं ते बघ.

‘मिरी’ ही कथा घे. एका ग्रहावर फक्त मुलंच उरली आहेत, कारण वयात आलं की एक भयंकर रोग गाठतो. नावं काढलीस तरी ही कल्पना अंगावर येते. म्हणजे कथा स्वतःच्या पायावर उभी आहे. पण स्पॉकने भुवई उंचावली एवढ्यावरच ज्या कथेची गंमत चालते, ती नटाच्या चेहऱ्यावर जगते. कागदावर तिचा जीव जातो. हे स्पष्ट लिहायला कचरू नकोस.

मालिकेवरून लिहिणाऱ्या लेखकाचे हात बांधलेले असतात, हेही ध्यानात घे. नायकाला मारता येत नाही, जहाज बुडवता येत नाही; शेवटी सगळं पूर्वपदावर आणावंच लागतं. म्हणून ‘कर्क वाचणार हे आधीच कळतं’ ही तक्रार करू नकोस. त्या वाचण्याची किंमत कुणी मोजली, ते शोध. ब्लिशच्या दुसऱ्या पुस्तकातल्या ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’मध्ये इतिहास सावरण्यासाठी कर्कला आपल्या आवडत्या बाईला डोळ्यांदेखत मरू द्यावं लागतं. सगळा ताण तिथे आहे.

आणखी एक. कथा आणि पडद्यावरचा भाग यांत फरक दिसला की लगेच चूक म्हणू नकोस. ब्लिश पटकथेवरून लिहायचा, आणि पटकथा चित्रीकरणात बदलते. ‘सिटी’च्या कथेत त्याने हार्लन एलिसनची मूळ पटकथा आणि प्रक्षेपित भाग दोन्ही एकत्र केले आहेत. फरकाने कथा सुधारली की बिघडली, तेवढं सांग.

लिहिताना डोळ्यांपुढे दोन वाचक ठेव. एक, ज्याने ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका पाहिली. दुसरी, शेजारच्या लोको पायलटची बायको, जिने स्पॉकचं नावही ऐकलेलं नाही. तिला ओट्यावर बसून एक कथा सांगून बघ. जिथे तिला दोनदा समजवावं लागेल, तिथे परीक्षणात एक ओळ खुलाशाची घाल. सातही कथांचं सार देत बसू नकोस. एक उत्तम, एक फसलेली, एवढ्या दोन नीट उलगड. शेवट मात्र कुणाचाच फोडू नकोस. तू मालिका पाहिली आहेस की नाही, तेही सुरुवातीलाच सांगून टाक, म्हणजे वाचकाला तुझं माप कळेल.

आपल्याकडे विज्ञानकथा लिहिणारे पुष्कळ झाले. तिचं परीक्षण मन लावून लिहिणारे मात्र कमीच. म्हणून तुझी गरज आहे, पोरी. लोक काय म्हणतील ते बाजूला ठेव, या महिन्यात पहिलं परीक्षण पुरं कर आणि सगळ्यात आधी मला वाचायला दे.