अपील न्यायालये आणि कायद्याची घडण

कायदा म्हणजे संसदेने अथवा राज्याच्या विधिमंडळाने संमत केलेले अधिनियम, अशी सर्वसामान्य समजूत असते. ही समजूत चुकीची नाही. पण ती अपुरी आहे. अधिनियमातील कलम मोजक्या शब्दांत लिहिलेले असते आणि ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या काळातील व्यवहार असतात. माणसांचे कलह मात्र कलमांची चौकट पाहून उद्भवत नाहीत. कलम जेथे मुके असते किंवा त्याचे दोन अर्थ संभवतात, तेथे न्यायाधीशाला बोलावे लागते. हे बोलणे अपील न्यायालयाचे असेल, तर ते पुढील खटल्यांसाठीही नियम ठरते.

खालच्या न्यायालयात मुख्यतः वस्तुस्थितीचा निवाडा होतो. पैसे दिले होते की नाही, सही कोणाची, साक्षीदार विश्वसनीय आहे काय, हे तेथे तपासले जाते. अपिलात हेच प्रश्न पुन्हा निघू शकतात. परंतु प्रकरण जसजसे वरच्या पायरीवर जाते, तसतसा दुसराच प्रश्न पुढे येतो. सिद्ध झालेल्या वस्तुस्थितीला कोणता नियम लावावयाचा आणि त्या नियमाचा अर्थ काय? स्वातंत्र्यपूर्व काळात या प्रश्नाचे अंतिम उत्तर लंडनची प्रिव्ही कौन्सिल देत असे. तिचा भारतावरील अपिलाचा अधिकार १९४९ साली संपुष्टात आला आणि १९५० साली सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले. या न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक राहील, असे राज्यघटनेचा अनुच्छेद १४१ सांगतो. उच्च न्यायालयाचा निर्णय त्याच्या अधिकारक्षेत्रातील दुय्यम न्यायालयांना मानावा लागतो. तथापि निकालपत्रातील प्रत्येक वाक्य बंधनकारक नसते. ज्या तत्त्वाच्या आधारे निर्णय झाला, तेवढेच बंधनकारक. ओघात व्यक्त झालेली मते नव्हेत.

ही प्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालते हे व्यापारी, दिवाणी आणि फौजदारी अशा तिन्ही क्षेत्रांतील एकेका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

दूरध्वनीवरील करार

भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा. त्या वेळी दूरध्वनी अस्तित्वात नव्हता. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना त्याचे पेटंट १८७६ साली मिळाले. अधिनियमाचे चौथे कलम असे की, प्रस्ताव स्वीकारणाऱ्याने आपली स्वीकृती अशा रीतीने रवाना केली की ती परत घेणे त्याच्या हाती राहिले नाही, म्हणजे प्रस्ताव करणारा बांधला जातो. टपालाच्या व्यवहारात याचा अर्थ सोपा होता. स्वीकृतीचे पत्र जेथे पेटीत पडले, तेथे करार झाला.

१९५९ सालच्या जुलै महिन्यात अहमदाबादची एक पेढी आणि विदर्भातील खामगावची एक गिरणी यांच्यात सरकीच्या पेंडीचा सौदा दूरध्वनीवरून ठरला. माल मिळाला नाही, म्हणून पेढीने अहमदाबादच्या नगर दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला. गिरणीची हरकत अशी की, प्रस्ताव अहमदाबादहून आला असला तरी स्वीकृतीचे शब्द खामगावात उच्चारले गेले. म्हणून करार खामगावातच झाला आणि हा दावा चालविण्याचा अधिकार अहमदाबादच्या न्यायालयाला नाही. वरवर पाहता हा केवळ गावाचा वाद होता. पण दूर अंतरावरून बोलून सौदे करणाऱ्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा होता. परगावी जाऊन, तेथे वकील नेमून दावा लढविण्याचा खर्च कित्येकदा मूळ येण्यापेक्षाही जड होतो.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि १९६५ साली त्याचा निकाल दोन विरुद्ध एक अशा मताने लागला. बहुमताचे म्हणणे असे की, टपालाचा नियम व्यवहाराच्या सोयीसाठी केलेला अपवाद आहे. दूरध्वनीवर बोलणारी माणसे एका अर्थाने समोरासमोरच असतात. तेव्हा स्वीकृती जेथे ऐकू आली, तेथे करार पूर्ण झाला. म्हणजेच अहमदाबाद हे करारस्थळ ठरले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्न मत दिले. कलमाचे शब्द स्पष्ट आहेत, ते दूरध्वनीलाही लागू पडतात, आणि यंत्र नवे आले म्हणून न्यायालयाने शब्द बाजूला सारू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. कायद्याचे शब्द महत्त्वाचे की त्यामागील हेतू, हा जुना वाद सरकीच्या पेंडीच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला. संसदेने अधिनियमात एका शब्दाचाही बदल केला नव्हता; तरीही दूरध्वनीवरील करारांचा नियम देशभर निश्चित झाला. पुढे विद्युतीय संदेशांचे युग आले, तेव्हा ते कोठून पाठविले व कोठे पोचले असे मानावे, हे संसदेने २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमात स्वतंत्रपणे सांगितले.

मुलीचा जन्मसिद्ध हक्क

या वादात कायदा मुका होता. दुसऱ्या उदाहरणात कायदा बोलका असूनही त्याचे दोन अर्थ झाले. १९५६ सालच्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार मिताक्षरा कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क केवळ पुरुषांना होता. महाराष्ट्रासह काही राज्यांनी आपापल्या सुधारणा आधीच केल्या होत्या. महाराष्ट्रातील सुधारणा १९९४ सालची. ९ सप्टेंबर २००५ पासून संसदेच्या दुरुस्तीने मुलीलाही मुलाप्रमाणेच जन्मसिद्ध सहदायक ठरविले. मात्र त्या तारखेपूर्वीच ज्यांचे वडील वारले होते, त्या मुलींचे काय?

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने २०१५ साली असे म्हटले की, दुरुस्तीच्या दिवशी वडील आणि मुलगी दोघेही हयात असले पाहिजेत. तेवढ्याच न्यायाधीशांच्या दुसऱ्या पीठाने २०१८ साली, २००१ मध्ये वारलेल्या पित्याच्या मुलींना वाटा दिला. दोन्ही निर्णय सर्वोच्च न्यायालयाचेच आणि दोन्ही पीठे सारख्याच संख्येची; मग खालच्या न्यायाधीशाने कोणता मानावा? या संभ्रमाची किंमत वाटणीच्या दाव्यांत अडकलेली कुटुंबे मोजत होती. वडिलांच्या मृत्यूची तारीख हाच एका मुलीच्या हक्काचा आधार आणि दुसरीच्या हक्काचा अडसर बनला होता.

अखेरीस हा प्रश्न तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला. विनीता शर्मा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी या पीठाने निर्णय दिला की, हक्क जन्माने मिळतो. त्यामुळे दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र अधिनियमानेच संरक्षण दिले आहे. तोंडी वाटणी झाल्याची सबब सहज पुढे करता येते. म्हणून सार्वजनिक कागदपत्रांचा सबळ आधार असल्याखेरीज ती मान्य करू नये, असेही पीठाने बजावले. मोठ्या पीठाचा निर्णय लहान पीठांवर बंधनकारक असतो, या साध्या शिस्तीमुळे परस्परविरोध मिटला.

चुकलेला निर्णय

अपील न्यायालयही चुकू शकते, आणि फौजदारी प्रकरणात त्या चुकीचे मोल फार मोठे असते. २६ मार्च १९७२ रोजी, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप दोघा पोलिसांवर आला. सत्र न्यायालयाने १९७४ साली त्यांना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली तो निकाल फिरविला. असहायपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असा त्या निर्णयाचा गाभा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत आणि प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यांवर त्या निकालाचा भर होता. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात सापडलेल्या निर्धन मुलीच्या मनातील भीतीला त्यात स्थान मिळाले नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे अपील नसते. तरीही विषय तेथे संपला नाही. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेपंडितांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निर्णयाची कठोर चिकित्सा केली. १९८० साली देशभर स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या. विधी आयोगाने आपल्या ८४व्या अहवालात या विषयाचा विचार केला आणि संसदेने १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्कारासाठी अधिक कडक शिक्षा ठरविण्यात आली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे पुरावा अधिनियमात लिहिले गेले. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितांच्या जागी नव्या आल्या, पण त्यांतही ही तत्त्वे कायम आहेत. ज्या मुलीमुळे हा बदल घडला, तिला मात्र त्याचा लाभ झाला नाही. सुटलेले आरोपी सुटलेलेच राहिले.

वाचकाने काय पाहावे

या तीन प्रकरणांतून कायद्याच्या वाढीच्या तीन रीती दिसतात. कलम मुके असेल तेथे न्यायालय त्याला अर्थ देते; निर्णयांत विरोध आला तर मोठे पीठ तो दूर करते; आणि निर्णयच अन्यायकारक ठरला तर लोकमताच्या रेट्याने विधिमंडळ नवा नियम करते. म्हणून एखाद्या निकालाची वार्ता वाचताना केवळ कोण जिंकले एवढेच पाहून भागत नाही. नेमका प्रश्न कोणता होता, पीठ किती न्यायाधीशांचे होते, निर्णय कोणत्या तत्त्वावर उभा आहे आणि भिन्न मत असल्यास त्याचे कारण काय, हेही पाहिले पाहिजे. खामगावची गिरणी, वाटणी मागणारी मुलगी आणि देसाईगंजची मजूर मुलगी यांपैकी कोणीही कायदा घडविण्यासाठी न्यायालयात गेले नव्हते. प्रत्येकाला आपल्यापुरता न्याय हवा होता. तो कोणाला मिळाला, कोणाला मिळाला नाही. पण त्यांच्या दाव्यांवर जे लिहिले गेले, त्याच्या आधारे आज अनोळखी माणसांचे दावे निकालात निघतात.