शाखेच्या नावाला भुलू नका

सीईटीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. "सर, एआय मिळेल ना? नाहीतर डेटा सायन्स तरी?" मुलगी शेजारी असते, बोलतात बाबा. तिला इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड आहे आणि बिघडलेला मिक्सर ती तासन् तास खोलून बसते, हे आई अगदी शेवटी सांगते. तेही तक्रार म्हणून!

गणितात रमणाऱ्याने संगणक शाखा खुशाल घ्यावी. पण यंदा गाजणाऱ्या तंत्राचं नाव शाखेला चिकटलंय, एवढ्यासाठी कर्ज काढू नका. तंत्र म्हातारं होतं.

नाम जून पाइक या कोरियन कलावंताचं उदाहरण घ्या. टोकियोत सौंदर्यशास्त्र शिकला, संगीतासाठी जर्मनीला गेला आणि १९६३ मध्ये वुपर्टाल इथे त्याने चक्क टीव्ही संच कलाकृती म्हणून मांडले. पुढे शुया आबे या जपानी अभियंत्याबरोबर यंत्रमानव बनवला. १९८६ च्या 'फॅमिली ऑफ रोबोट'मध्ये आजी-आजोबा जुन्या रेडिओ-टीव्हींच्या खोक्यांचे, मुलं नव्या संचांची. १९८८ मध्ये, सोल ऑलिंपिकच्या वर्षी, त्याने १,००३ टीव्हींचा मनोरा उभा केला. पाइक २००६ मध्ये गेला. संच जुने होत गेले आणि २०१८ मध्ये मनोरा बंद करावा लागला. जुन्या पिक्चर ट्यूब आता बनतात कुठे? जमतील तेवढे संच दुरुस्त केले, बाकीच्यांत सपाट पडदे बसवले आणि २०२२ मध्ये मनोरा पुन्हा उजळला.

हे काम नुसत्या इंजिनिअरचं नाही, नुसत्या चित्रकाराचंही नाही. कोणता पडदा बदलला तर कलाकृती बिघडेल, हेही कळावं लागतं. या कामाला कलासंवर्धन म्हणतात, आणि आपल्याकडे पालकांच्या यादीत ते नसतंच. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकता येते. पदवीनंतर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र आणि संवर्धनाचा पदविका अभ्यासक्रम आहे. जोडीला इलेक्ट्रॉनिक्सचा हात असेल तर उत्तमच.

पगार विचाराल, तर सुरुवातीला बेताचाच. नोकऱ्या मोजक्या, पुष्कळ काम प्रकल्पावर. हे मुलीलाही स्पष्ट सांगा. पण "लोक काय म्हणतील" हे कारण तिच्यापुढे ठेवू नका, आणि ऑप्शन फॉर्मचा पासवर्ड स्वतःच्या खिशात ठेवणं बंद करा. मुलीला न विचारता रात्री बारा वाजता पसंतीक्रम बदलणारे बाप मी पाहिलेत. पहिल्या सत्रात विषय राहिले की तेच माझ्याकडे समुपदेशनाला येतात.

आणि एक. चित्रकला-शिल्पकलेच्या पदवीची सीईटी वेगळी असते. तिचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न बघता भरावा लागतो. निकालानंतर मला फोन करून उपयोग नाही.