सास्तूर ते डॅलस: जवळ कुठला कागद ठेवायचा, कितीला पडतो

सास्तूरचा पोरगा आधी लातूरला शिकायला जातो, मग पुण्यात नोकरीला लागतो आणि त्यातला एखादा कंपनीच्या कामाने अमेरिकेला जाऊन तिथलाच होतो. लोहारा, उमरगा, निलंगा या पट्ट्यात हे आता नवलाचं राहिलेलं नाही. व्हिसाचा शिक्का मिळेपर्यंत अख्खं घर जागं असतं, नंतर कागदांकडे कुणी बघत नाही. आणि एक दिवस डॅलसहून शिकागोला जायचं असतं, किंवा आईवडील आलेले असतात आणि त्यांना कॅलिफोर्निया दाखवायचा असतो. देश तोच, सीमा ओलांडायची नाही, मग ओळख म्हणून काय दाखवायचं? आधार चालेल का? नाही चालत. डिजिलॉकरही नाही आणि पासपोर्टचा मोबाइलमधला फोटोही नाही.

खालचे दर २०२६ च्या सुरुवातीचे आहेत. डॉलर हिशेबापुरता ९० रुपयांचा धरला आहे.

विमानतळावर

अमेरिकेत ७ मे २०२५ पासून ‘रिअल आयडी’ सक्तीचा झाला. म्हणजे तिथल्या राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ओळखपत्र दाखवून देशातल्या देशात विमानाने जायचं असेल, तर त्या कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात ताऱ्याची खूण हवी. कायदा २००५ चा, अंमल २०२५ मध्ये. आपल्याकडच्या पाटबंधाऱ्याच्या कामांची आठवण यावी इतकी मुदतवाढ त्याला मिळाली.

पण तारा नसला म्हणून विमान चुकत नाही. सुरक्षा तपासणीला भारतीय पासपोर्ट पूर्ण चालतो. ग्रीन कार्ड चालतं, कामाच्या परवान्याचं फोटो असलेलं कार्डही चालतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या मंजुरीचं आय-७९७ हे पत्र मात्र ओळखपत्र नाही, त्यावर फोटोच नसतो. पुष्कळजण ते प्लास्टिकच्या कव्हरात घालून मिरवतात. ठेवा जवळ, पण त्याच्या भरवशावर विमानतळावर जाऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबत देशांतर्गत प्रवासात ओळखपत्र लागत नाही.

म्हणजे नव्याने गेलेल्या माणसाला आणि पाहुण्या आलेल्या आईवडिलांना विमानासाठी वेगळा एक रुपयाही खर्च नाही. पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवायचा एवढंच. सामानाच्या बॅगेत टाकून ती बॅग काउंटरवर दिली, तर तो परत काढणं अवघड होऊन बसतं.

काहीच दाखवता आलं नाही तर? १ फेब्रुवारी २०२६ पासून अशा प्रवाशाची ओळख दुसऱ्या मार्गाने पटवण्यासाठी ४५ डॉलर घेतात, म्हणजे चार हजारांच्या वर. ते १० दिवस चालतात. आणि पैसे भरले म्हणजे आत सोडतीलच अशी हमी नाही. आपल्या माणसाकडे पासपोर्ट असतोच, त्यामुळे हा खर्च निव्वळ विसरभोळेपणाचा दंड समजा.

मग लायसन्स कशाला?

कारण रोज पासपोर्ट खिशात घालून हिंडणं शहाणपणाचं नाही. तो हरवला तर नवा घ्यायला अमेरिकेत १५० डॉलर लागतात, वर सेवाशुल्क आणि कुरिअर. साधं नूतनीकरण ७५ डॉलरचं. हेच काम भारतात साध्या ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपयांत होतं, हरवला असेल तर ३,००० रुपयांत. शिवाय हरवलेल्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्काही जातो आणि तो नव्याने घ्यायचा म्हणजे पुन्हा फी, पुन्हा रांग.

लायसन्स त्या मानाने स्वस्त. दर राज्याराज्यांत वेगळे. टेक्सासमध्ये ३३ डॉलर, म्हणजे तीन हजारांच्या आत. गाडी चालवत नाही अशांना नुसतं ओळखपत्रही तिथे मिळतं आणि ते आणखी स्वस्त आहे. अर्ज करताना पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ ही प्रवेशाची नोंद, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि पत्त्याचे दोन पुरावे लागतात. सोशल सिक्युरिटीचं कार्ड फुकट आहे. नवऱ्यासोबत गेलेल्या बायकोला एच-फोर व्हिसावर तो क्रमांक सहसा मिळत नाही. तिने ‘क्रमांक देता येत नाही’ असं त्या कार्यालयाचं पत्र घ्यायचं, तेही फुकट. विजेचं बिल, घराचा करार, बँकेचं पत्र यांतल्या दोन गोष्टींवर तिचं नाव पहिल्यापासून घालून घ्या. हे सगळे कागद एकट्या नवऱ्याच्या नावावर असले की बायकोचं लायसन्स महिनोनमहिने अडतं.

सगळं पासपोर्टच्या शेवटच्या तारखेवर

हा भाग गावातच वाचायचा आहे. अमेरिकेत उतरल्यावर अधिकारी किती दिवस राहू द्यायचं ते ठरवतो. व्हिसा तीन वर्षांचा असला तरी पासपोर्ट आठ महिन्यांत संपणार असेल, तर आय-९४ वर बऱ्याचदा पासपोर्ट संपायचीच तारीख पडते. लायसन्स देणारं कार्यालय आय-९४ ची तारीख बघतं आणि लायसन्सही तेवढ्याच मुदतीचं देतं. म्हणजे १,५०० रुपयांचं नूतनीकरण आळसाने पुढे ढकललं, की आय-९४ तोकडा, लायसन्स तोकडं, मग मुदतवाढीचा अर्ज किंवा देशाबाहेर जाऊन परत येणं. एका विमान तिकिटाचे पैसे त्यात सहज जातात. पासपोर्टला वर्षभराहून कमी मुदत उरली असेल तर निघण्याआधी इथेच नवा करून घ्या. घाई असेल तर तत्काळचे २,००० रुपये जादा भरा. पुढचा खर्च पाहता हे दोन हजार काहीच नाहीत.

असाच एक चिमटा एच-वन-बीची मुदत वाढवताना बसतो. अर्ज वेळेत गेला असेल तर जुनी मुदत संपल्यावरही २४० दिवसांपर्यंत काम करता येतं, पण लायसन्स मात्र छापलेल्या तारखेला संपतं. काही राज्यं अर्जाच्या पावतीवर थोडी मुदत वाढवून देतात, काही देत नाहीत. विमानाने जायला पासपोर्ट आहेच. गाडीचं काय करायचं ते आपल्या राज्याच्या कार्यालयात आधी विचारा. कंपनी जादा फी भरून निकाल लवकर मागवू शकते. ती फी तीन हजार डॉलरच्या घरात आहे, ती कंपनीने भरावी म्हणून आग्रह धरा.

नाव

फीपेक्षा जास्त पैसा जातो तो नावात. आपल्याकडच्या आईच्या आधारवर ‘कमलबाई’ असतं, बँकेत ‘कमल’, मतदार यादीत नवऱ्याचं नाव मधे आणि पासपोर्टवर आडनावाची ओळ कोरीच. कोरी ओळ असली की अमेरिकी व्हिसावर आपलं नाव आडनावाच्या जागी सरकतं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफ.एन.यू.’ छापून येतं, म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’. पुढे लायसन्सवरही तेच उतरतं. विमानाच्या तिकिटावर मुलाने आईचं नाव हौसेने नीट लिहिलेलं असतं, ते कागदाशी जुळत नाही आणि काउंटरवर खोळंबा होतो. तिकिटावर नाव कसं लिहायचं? दाखवणार असाल त्या कागदावर जसं आहे अगदी तसं.

दुरुस्ती इथे स्वस्त आहे. आधारमध्ये नाव, पत्ता वगैरे बदलायला १ ऑक्टोबर २०२५ पासून केंद्रावर ७५ रुपये, बोटांचे ठसे आणि फोटो नव्याने द्यायचे असतील तर १२५. केंद्रवाल्याने जास्त मागितले तर पावती मागा. पावतीचं नाव काढलं की दर बहुतेकदा खाली येतो. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की आधारमध्ये नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून आधी पासपोर्टवर कसं हवं ते ठरवा, मग आधार त्याला जुळवा. उलटं केलं तर एक संधी वाया जाते. पासपोर्टात नाव बदलायचं म्हणजे तो पुन्हा काढायचा, १,५०० रुपये. पहिल्यांदाच पासपोर्ट काढणाऱ्या साठीपुढच्यांना फीमध्ये १० टक्के सूट आहे, म्हणजे १,३५०.

जन्मतारखेचं दुखणं आपल्या गावाला जास्त आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूर पडलं, तेव्हा पेटीतल्या दाखल्यांचा विचार करायला कुणाला वेळ होता? त्याआधीच्या पिढीची तारीख गुरुजींनी लिहिली तीच, आणि त्यांतल्या निम्म्या १ जूनच्या. ती खरी आहे की खोटी यावर आता खल नको. एकच तारीख सगळीकडे असू द्या.

जिल्ह्याच्या नावाचंही पुष्कळजण विचारतात. जुन्या पासपोर्टवर जन्मठिकाण उस्मानाबाद आहे आणि जिल्हा २०२३ मध्ये धाराशिव झाला, मग बदलून घ्यायचा का? नुसतं तेवढ्यासाठी १,५०० रुपये घालवू नका. फॉर्म भरताना पासपोर्टवर छापलंय तेच लिहा. अमेरिकेच्या ग्रीन कार्डावर जन्माचा फक्त देश असतो आणि लायसन्सवर जन्मठिकाण नसतंच. सास्तूर आधी उमरगा तालुक्यात होतं, आता लोहाऱ्यात आहे, त्याचंही तसंच.

रस्त्यावर, आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी

विमानात बसत नसाल तरी कागद जवळ लागतो. अमेरिकेच्या कायद्यानुसार १८ वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी नागरिकाने आपल्या नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगायचा असतो. एच-वन-बी किंवा पाहुण्यांच्या व्हिसावर असाल तर आय-९४, कायम रहिवासी असाल तर ग्रीन कार्ड. न बाळगल्यास दंड किंवा ३० दिवसांपर्यंत कैद, असं कायद्यात आहे. वर्षानुवर्षं कुणी विचारत नव्हतं, २०२५ पासून सरकारने त्यावर पुन्हा बोट ठेवलं आहे. टेक्सासच्या दक्षिण टोकाला साउथ पाद्रे बेटावर समुद्र बघायला जाणारी आपली मंडळी पुष्कळ. परतताना सारिताजवळ सीमा गस्तीची चौकी लागते आणि तिथे गाडी थांबवून नागरिकत्व विचारतात. आय-९४ सरकारी संकेतस्थळावरून फुकट छापता येतो. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या खासगी साइट पैसे घेतात, त्यांच्याकडे जाऊ नका.

नायगाराचा धबधबा बघायला गेलात तर पुलापलीकडे कॅनडा आहे. तिकडून नजारा चांगला दिसतो हे खरं, पण तो वेगळा देश आणि त्याचा वेगळा व्हिसा. हवाई आणि पोर्तो रिको मात्र देशांतर्गतच.

ग्रीन कार्ड हरवलं किंवा संपत आलं तर ऑनलाइन अर्जाला ४१५ डॉलर, कागदी अर्जाला ४६५. रुपयांत ३७ आणि ४२ हजारांच्या आसपास. नवरा-बायको आणि एक कॉलेजातलं पोर अशी तिघांची कार्डं एका पाकिटात ठेवून ते पाकीट हरवण्याची किंमत यावरून काढा.

नातवंडं गावाला येतात तेव्हा

इथे उलटं होतं. नागरिकत्व घेतलेला मुलगा आणि अमेरिकेत जन्मलेली नात भारतात परदेशी ठरतात. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड अमेरिकेतून काढलं तर २७५ डॉलर, भारतातून १५,००० रुपये, म्हणजे राहताय भारतात तर इथेच काढलेलं स्वस्त. मुंबईहून पुढे विमानाने जायचं तर अमेरिकी पासपोर्ट पुरतो. हॉटेलात पासपोर्ट आणि ओसीआय दोन्ही मागतात.

रेल्वेत ओळख म्हणून पासपोर्ट चालतो, पण मुंबई-लातूर गाडीचं तत्काळ तिकीट त्यांच्या खात्यावरून ऑनलाइन निघत नाही. १ जुलै २०२५ पासून त्यासाठी आधारने पडताळलेलं खातं लागतं आणि ओसीआयधारकाला आधार मिळतं ते गेल्या वर्षभरात १८२ दिवस भारतात राहिला असेल तरच. महिनाभराच्या सुट्टीवर आलेल्याला ते शक्य नाही. गावातल्या एखाद्या नातेवाइकाने आपल्या खात्यावरून तिकीट काढावं आणि नाव पासपोर्टवरचंच टाकावं. लातूरपासून पुढे सास्तूरला एसटीने यायचं तर ७५ वर्षांवरच्या आजोबांनी आपलं आधार दाखवावं, त्यांचा प्रवास फुकट आहे. नातीला आणि सुनेला महिला सवलतीत अर्धं तिकीट.