काचेच्या धाग्यातून येणारा प्रकाश

मुलांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीत पोहताना बुडी मारून तुम्ही कधी वर पाहिले आहे काय? अगदी डोक्यावर पाहिले तर आकाश दिसते, काठावर उभी असलेली माणसेही दिसतात. परंतु नजर तिरपी करून दूरवर पाहिले, की पाण्याचा पृष्ठभाग चांदीच्या पत्र्यासारखा चकाकू लागतो आणि त्याच्या पलीकडचे काहीच दिसेनासे होते. पाण्यातून फार तिरपा जाणारा प्रकाश हवेत न शिरता पुन्हा पाण्यातच परततो. यास पूर्ण आंतरिक परावर्तन असे म्हणतात. जालना जिल्ह्यात विहिरींना तोटा नाही. तेव्हा हा चमत्कार पाहण्यास तुम्हांस लांब जावे लागणार नाही. मात्र पोहता येत असेल आणि वडील माणूस काठावर असेल, तरच पाण्यात उतरावे!

विहिरीतील ही चकाकी आणि घरातील इंटरनेट यांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध अगदी निकटचा आहे.

सन १८४१ च्या सुमारास जिनिव्हा येथे कोलाडों नावाच्या शास्त्रज्ञाने एका टाकीच्या भोकातून पाण्याची धार सोडली व तिच्यात प्रकाश सोडला. धार खाली वळली, आणि तिच्याबरोबर प्रकाशही वळला! पुढे पाण्याच्या धारेची जागा काचेने घेतली. देहरादूनच्या शाळेत शिकणाऱ्या नरिंदरसिंग कपानी या मुलास त्याच्या शिक्षकांनी सांगितले, की प्रकाश सरळ रेषेतच जातो. मुलाच्या मनाला हे पटेना. हाच मुलगा मोठेपणी लंडनला गेला आणि तेथे हॉपकिन्स या प्राध्यापकांबरोबर त्याने बारीक काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखविले. त्यांचा हा निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला. कपानी २०२० साली वारले. त्यानंतर भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला.

तथापि एक अडचण उरली होती. त्या वेळच्या काचेत प्रकाश थोड्याच अंतरावर विझून जाई. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले, की दोष काचेचा नव्हे, तिच्यातील अशुद्ध द्रव्यांचा आहे. काच शुद्ध करा, म्हणजे प्रकाश कित्येक किलोमीटर जाईल. या कार्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजची काच इतकी निर्मळ असते, की तिच्यातून पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. आपल्या खिडकीची काच पंधरा किलोमीटर जाडीची असती, तर पलीकडे केवळ काळोख दिसला असता.

असे धागे कोठे दूरदेशीच होतात असे समजू नका. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना वाटेत शेंद्रा लागते. तेथे आणि शहरापलीकडे वाळूज येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज या कंपनीचे कारखाने आहेत. रसायनांच्या वाफेपासून प्रथम शुद्ध काचेचा एक जाड दांडा तयार करतात. मग उंच मनोऱ्यात त्याचे टोक सुमारे २००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, गुळाच्या पाकाची तार ओढावी तसा त्यातून धागा ओढतात. या धाग्याची जाडी अवघी १२५ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा हिस्सा असते. प्रकाश जातो तो त्याच्या गाभ्यातून. आणि तो गाभा सुमारे ९ मायक्रोमीटरचा! कापसाचा तंतूदेखील त्याहून जाड असतो.

या धाग्यांचे जाळे खेडोपाडी नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडणे हा तिचा हेतू होता. महाराष्ट्रातील पुढच्या टप्प्याचे काम महानेट या नावाने राज्याने हाती घेतले. परंतु ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेटी बसली म्हणजे गावात इंटरनेट आले, असे होत नाही. २०२० साली करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा हे सर्वांस कळून आले. खेड्यांतील कितीतरी मुले हातात मोबाइल घेऊन माळवदावर, टेकडीवर, झाडाखाली लहरी शोधीत बसली. ज्याच्या घरी मोबाइलच नव्हता, त्याचे वर्ष कसे गेले असेल, याचा विचार तुम्हीच करा.

घरी जोडणी घेणे फारसे अवघड नाही. सेवा देणाऱ्या कंपनीकडे ओळखपत्रासह अर्ज करावा लागतो. मग माणूस येतो, खांबावरून काळी बारीक केबल घरापर्यंत आणतो, भिंतीला भोक पाडतो व एक लहानशी पेटी बसवतो. तिच्यात प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संकेतांत होते. खांबावरील डबीत मुख्य धाग्यातील प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो. मौज अशी, की या वाटपास वीज मुळीच लागत नाही. प्रत्येक घरी सर्वांचा मजकूर येतो. पण तो सांकेतिक असल्यामुळे प्रत्येक पेटी आपल्यापुरताच उकलते. उलट दिशेने पाठवताना मात्र हातपंपावर घागरी भराव्यात तशी प्रत्येकीने आपली पाळी धरायची असते.

केबल कोपऱ्यावर फार मुरडू नये. धागा मोडला नाही तरी वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. उघड्या टोकात डोळा लावून पाहणे तर अगदीच वर्ज्य होय. आतील प्रकाश अवरक्त असल्याने दिसत नाही. पण तो डोळ्यांस इजा करू शकतो. आपल्याकडील जुन्या माळवदी घरांच्या जाडजूड मातीच्या भिंती वाय-फायच्या लहरींना अडवतात, म्हणून पेटी घराच्या मध्यभागी ठेवावी. धाग्याला वीज लागत नसली तरी पेटीला लागते. भारनियमन झाले, की दिवा विझतो आणि इंटरनेटही बंद पडते! त्यामुळे पुष्कळ घरांत पेटीजवळ लहान बॅटरी ठेवलेली आढळते.

काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. जालन्याहून मुंबईपर्यंतचे चारशे किलोमीटर तो एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात ओलांडतो. शेतकऱ्यास मोसंबीचे व कापसाचे दर घरबसल्या समजतात, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी तालुक्याला खेप घालावी लागत नाही.

आणि हे सारे एका फावड्याने बंद पडते. रस्ता रुंद करताना, जलवाहिनी टाकताना जेसीबीचा दात चरात रुततो आणि पाच-पंचवीस गावे एकदम मुकी होतात. म्हणूनच २०२३ साली मंजूर झालेल्या सुधारित योजनेत धागे कड्यासारखे गोल जोडण्याचे ठरले. एका बाजूने तुटले तर प्रकाश दुसऱ्या बाजूने यावा.

धागा तुटला, की घरातील पेटीवर लाल दिवा लागतो. मग दुरुस्ती करणारा माणूस एक यंत्र लावून धाग्यात प्रकाशाचा ठोका सोडतो. तुटक्या टोकावरून तो परतण्यास किती वेळ लागला, यावरून मोड किती मीटरवर आहे ते कळते. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनीवरून खोली ओळखावी तसे. तो त्या जागी जातो, माती उकरतो, दोन्ही टोके पुसून सरळ कापतो आणि यंत्रात समोरासमोर धरतो. विजेची एक ठिणगी पडते, काच वितळते, धागा एकजीव होतो. तिकडे गावात, कोणाच्या तरी घरी, लाल दिवा विझून हिरवा लागतो.